गाडी आली, की दुकान मिटते

संध्याकाळी सहाचा सुमार. कचेरीतून परतणारा कारकून, क्लासला निघालेली मुलगी, दोन रिक्षावाले अशी पाच-सहा माणसे फूटपाथच्या कडेला एका फळीभोवती उभी आहेत. फळीवर स्लाइस ब्रेड, अमूल बटर, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो. तेवढ्यात कोपऱ्यावरून कुणीतरी ‘गाडी!’ म्हणून ओरडते आणि अर्ध्या मिनिटात फळी, डबे, शेगडी सारे शेजारच्या गल्लीत नाहीसे होते. गिऱ्हाइकाच्या हातात अर्धे सँडविच आणि द्यायचे राहिलेले पैसे. ते द्यायला माणसे थांबतात, हे विशेष.

मुंबईत सँडविचवाल्याचे दुकान म्हणजे हेच. त्याला दार नाही, पाटी नाही, पण रोजचे गिऱ्हाईक ठरलेले आहे. कुणाला कांदा नको, कुणाला चटणी जास्त, हे त्याला न सांगता कळते. दुपारचा डबा न आणणाऱ्या हजारो माणसांचे जेवण त्याच्या सुरीवर अवलंबून असते. परदेशी सँडविचची साखळी दुकाने २००१ पासून आपल्याकडे आली. त्यांना दुकानाचे भाडे आणि परवाना दोन्ही परवडतात. फळीवाल्याला परवाना हवा असला तरी तो द्यायला कुणी बसलेले नाही, खरी गोम इथेच आहे.

कायदा नाही असे मात्र नव्हे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील फेरीवाल्यांसाठी जागा ठरवून देण्याचा मार्ग दाखवला. पुढे २००३-०४ मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशांत रस्त्यावर काहीही शिजवायला मनाई झाली. साधे सँडविच त्यातून सुटते. ते साच्यात घालून कोळशावर धरले, की त्याच माणसाचा गुन्हा होतो! मग २०१४ साली संसदेचा फेरीवाला कायदा आला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला उठवायचे नाही, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यायचे, नगर विक्रेता समितीत चाळीस टक्के जागा त्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना द्यायच्या, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे.

आता हिशेब पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. तिचे अडीच टक्के म्हणजे तीन लाखांहून अधिक. २०१४ च्या सर्वेक्षणात अर्ज आले सुमारे ९९ हजार. समितीची निवडणूक व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला, आणि मतदार यादीत नावे होती जेमतेम ३२ हजार. यादीबाहेरचे लोक व्यवसाय सोडून गेले का? कोपऱ्यावर जाऊन पाहावे. ते तिथेच आहेत. फक्त पावतीऐवजी हप्त्यावर उभे आहेत. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडून रोज काहीतरी उकळता येते, आणि ज्यांना ते मिळते त्यांना यादी पूर्ण होण्याची घाई कशाला असेल?

पादचाऱ्यांची बाजू खोटी नाही. म्हाताऱ्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला फूटपाथ सोडून मोटारींमध्ये उतरावे लागते, तेव्हा गरिबाच्या पोटाची दुहाई त्यांना कोणत्या तोंडाने द्यायची? पण सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, ती रेल्वेच्या अरुंद पुलावर. आणि संतापाचा रोख वळला तो फेरीवाल्यांकडे. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने स्थानकांपासून १५० मीटरच्या आत विक्री करण्यास मनाई केली. आता सँडविच ज्याला हवे तो माणूस नेमका त्या १५० मीटरमध्येच असतो! जागा आखून दिली असती, फळीची लांबी-रुंदी ठरवली असती, तर आजीला वाट मिळाली असती आणि कारकुनाला खाणेही.

स्वच्छतेचेही तेच. अन्नपदार्थ छापील वर्तमानपत्रात बांधायला २०१८ च्या नियमांनी बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. (ही पुरवणीही तिकडे जाऊ नये.) पण संध्याकाळपर्यंत दुकान राहील की नाही याचीच ज्याला खात्री नाही, तो नळजोडणी कुठून घेणार आणि झाकणाचा काचेचा कपाट कशासाठी करणार?

कायद्यानुसार सर्वेक्षण निदान दर पाच वर्षांनी व्हायला हवे. २०२४ ची निवडणूक मात्र दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीवरच झाली. ज्या मुलाने २०१६ साली बापाच्या शेजारी आपली फळी मांडली, तो त्या मोजणीत नाहीच.