विश्लेषण : अर्धवेळ रेसिंग ड्रायव्हरचे करिअर कसे चालते? नारायण कार्तिकेयन 'नासकार'मध्ये का गेला?

अणदूर, नळदुर्गवरून जाणारा महामार्ग ज्या हैदराबादेत पोहोचतो, तिथे ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेन सागरच्या काठावर फॉर्म्युला ई शर्यत झाली. गर्दी झाली, पण ग्रिडवर एकही भारतीय ड्रायव्हर नव्हता. महिंद्राच्या गाड्याही परदेशी ड्रायव्हरच चालवत होते. पुढच्या हंगामात मुंबईच्या जेहान दारूवालाला मासेराती संघात जागा मिळाली, तर हैदराबादची शर्यतच रद्द झाली आणि एका हंगामानंतर त्याची जागाही गेली. गाडी चालवता येणे आणि चालवायला गाडी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सर्वांत स्पष्ट दिसते ते अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींत. तिथेही एक भारतीय जाऊन आला आहे.

स्टॉक कार म्हणजे काय?

मूळ अर्थ, शोरूममधून निघालेली गाडी. आज नाव तेवढे उरले आहे. आतला सांगाडा, इंजिन सगळे शर्यतीसाठीच बांधलेले असते, फक्त बाहेरून गाडी रस्त्यावरच्या मॉडेलसारखी दिसते. 'नासकार' ही या शर्यतींची मुख्य संस्था. तिच्या तीन राष्ट्रीय मालिका आहेत आणि त्यांतली तिसऱ्या पायरीची मालिका पिकअप ट्रकची. बहुतेक शर्यती लंबवर्तुळाकार ट्रॅकवर होतात.

अर्धवेळ ड्रायव्हर कोणाला म्हणतात?

जो हंगामातल्या सगळ्या शर्यतींत उतरत नाही, तो. कारण बहुतेक वेळा पैसा असते. प्रायोजक जितक्या शर्यतींचा खर्च उचलतो, तितक्याच शर्यती. त्यात जागाही मोजक्या. २०१६ पासून सर्वोच्च मालिकेत ३६ गाड्यांना 'चार्टर' म्हणजे कायमचा प्रवेश आहे. ४० गाड्यांच्या शर्यतीत उरलेल्या चार जागांसाठी बाकीच्यांनी झगडायचे. पात्र ठरला नाही, तर आठवडाभराची मेहनत ट्रेलरवर चढवून परत.

पण याच रांगेतून कधी कधी चमत्कारही होतो. २० फेब्रुवारी २०११ रोजी, विसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, ट्रेव्हर बेन या अर्धवेळ ड्रायव्हरने डेटोना ५०० जिंकली. त्याच वर्षापासून ड्रायव्हरने कोणत्या तरी एकाच मालिकेत गुण मिळवायचे असा नियम आला होता. बेनने खालची मालिका निवडलेली होती. त्यामुळे सर्वांत मोठी शर्यत जिंकूनही सर्वोच्च मालिकेच्या गुणतक्त्यात त्याची पाटी कोरी राहिली. त्या मालिकेत तो पुन्हा कधीच जिंकला नाही. उलट न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन २०२३ मध्ये शिकागोत एका शर्यतीपुरता आला, पदार्पणातच जिंकला आणि आज तिथे पूर्णवेळ आहे.

कार्तिकेयन तिथे कसा पोहोचला?

कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याच्या मागे टाटा समूहाचे प्रायोजकत्व होते. इंडियानापोलिसच्या शर्यतीत तो चौथा आला, पण टायरच्या वादामुळे त्या दिवशी प्रत्यक्षात सहाच गाड्या धावल्या होत्या. पुढे विल्यम्स संघात चाचणी ड्रायव्हरचे काम मिळाले, शर्यतीची जागा मिळाली नाही. ए-वन ग्रांप्रीत त्याने भारतीय संघासाठी दोन शर्यती जिंकल्या. ती मालिकाच बंद पडली.

२०१० मध्ये, पद्मश्री मिळाली त्याच वर्षी, तो नासकारच्या ट्रक मालिकेत गेला. मार्टिन्सव्हिलच्या जेमतेम ८५० मीटरच्या ट्रॅकवर पहिल्याच शर्यतीत तेरावा आला. ही कामगिरी दिसते त्यापेक्षा मोठी आहे. फॉर्म्युला वनची गाडी तेव्हा ड्रायव्हरसह सहाशे किलोच्या आसपास होती, ट्रक तिच्या दुपटीहून जड. ब्रेक लवकर तापतात, शेजारचा गडी मुद्दाम धक्का देतो आणि तो नियमात बसतो. ज्याची सारी सवय दुसऱ्या गाडीला स्पर्श न करण्याची, त्याला हे नव्याने शिकायचे होते.

मग पुढे काय झाले?

२५ पैकी नऊ शर्यती, विजय एकही नाही. तरी हंगामाअखेर चाहत्यांच्या ऑनलाइन मतदानात तो मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला. भारतातल्या मतांचा त्यात मोठा वाटा असणार, हे उघड आहे. मात्र मतांनी टायर विकत घेता येत नाहीत. २०११ मध्ये तो एचआरटी संघातून फॉर्म्युला वनमध्ये परतला. हंगामाच्या मध्यावर त्याची जागा डॅनियल रिकार्डोला दिली गेली. ऑक्टोबरमधल्या भारतीय ग्रांप्रीसाठी त्याला पुन्हा बसवले गेले आणि तो सतरावा आला. त्या संघाला तेव्हा भारतीय चेहरा हवा होता, असे म्हटले तर चूक ठरू नये.

महाराष्ट्रातल्या मुलांना वाट आहे का?

आहे, पण महाग. कोल्हापुरात कार्टिंग ट्रॅक आणि अकादमी उभी राहिली, तिथल्या कृष्णराज महाडिकने ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत मजल मारली. त्यापुढच्या प्रत्येक पायरीवर घरचा पैसा किंवा प्रायोजक लागतो. मराठवाड्यातल्या मुलासाठी तर पहिली पायरी म्हणजे कार्ट ट्रॅकच शेकडो किलोमीटर दूर आहे.

कार्तिकेयनला स्थिर जागा मिळाली ती जपानमध्ये. २०१४ पासून तो तिथे सुपर फॉर्म्युलात धावला. २०१९ मध्ये सुपर जीटीकडे वळून त्याने फुजीत विजयही मिळवला. त्यानंतर तो कोइम्बतूरला परतला आणि वापरलेल्या दुचाकी विकणाऱ्या कंपनीत उतरला.