मनाच्या श्रमांचे मोजमाप

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघरी फराळाची ताटे मांडली जात असताना रुग्णालयांतील परिचारिका, एसटीचे वाहक आणि दुकानांतील विक्रेते कामावर असतात, आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग मनाला आवर घालूनच पार पडतो. स्वतःची भीती, चीड वा दुःख आत ठेवून समोरच्याला धीर, आदर किंवा प्रसन्नता जाणवेल असे वागणे ही जेव्हा पगारी कामाची अट असते, तेव्हा त्या वागण्यामागच्या कष्टांना समाजशास्त्रात ‘भावनिक श्रम’ म्हणतात. हे श्रम मोजता येतात का, आणि मोजायचे तर कोणाच्या हितासाठी, हा प्रश्न यंदाच्या अंकाच्या प्रारंभी मांडणे अगत्याचे आहे.

या संकल्पनेची पायाभरणी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात केली. त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सेविकांबरोबर थकबाकी वसूल करणाऱ्यांचाही अभ्यास केला. पहिल्यांना प्रवाशाला निर्धास्त करायचे असते, तर दुसऱ्यांना कर्जदारावर जरब बसवायची असते, म्हणजे भावनिक श्रम हे केवळ गोड बोलण्यापुरते मर्यादित नाहीत. आत एक वाटत असता चेहऱ्यावर दुसरेच दाखवणे हा ‘वरवरचा अभिनय’, तर अपेक्षित भावना खरोखरच मनात जागवण्याचा प्रयत्न हा ‘खोल अभिनय’, असा भेदही त्यांनी केला.

पुढे मानसशास्त्रज्ञांनी या श्रमांसाठी प्रश्नावल्या तयार केल्या. भावनांना किती वेळा, किती काळ, किती तीव्रतेने आणि किती प्रकारे वळण लावावे लागते, हे त्यांत विचारले जाते, आणि वरवरच्या अभिनयाचा संबंध थकवा व असमाधान यांच्याशी असल्याचे अशा अभ्यासांत वारंवार आढळले आहे. मात्र प्रश्नावली व्यक्तीची अवस्था टिपते; त्यामुळे थकवा हा त्या व्यक्तीचाच कमकुवतपणा ठरवून तिला ताणमुक्तीच्या वर्गाला धाडणे आस्थापनेला सोपे जाते, आणि थकवणारे काम होते तसेच राहते.

म्हणूनच ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे उदाहरण मोलाचे आहे. समान मूल्याच्या कामाला समान वेतन या तत्त्वावर 2004 मध्ये तेथे लागू झालेल्या वेतनरचनेत, डॉक्टर व अतिवरिष्ठ व्यवस्थापक वगळता इतरांच्या पदांचे मूल्यमापन 16 घटकांवर होते आणि ‘भावनिक परिश्रम’ हा त्यांतील एक स्वतंत्र घटक आहे. मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा करणे किंवा नातेवाइकांना वाईट बातमी सांगणे असे प्रसंग त्या पदावर किती वेळा व किती तीव्रतेने येतात, हे तेथे पाहिले जाते. पदावरील व्यक्ती ते कसे सोसते, हे पाहिले जात नाही. एकूण 1000 गुणांपैकी ज्ञानाला कमाल 240 आणि भावनिक परिश्रमाला कमाल 25 गुण आहेत. हा वाटा तोकडा आहे. तरीही दुःखाच्या सहवासाला वेतनाच्या हिशेबात जागा मिळाली, हे पाऊल मोठे आहे.

महाराष्ट्रातील आशा सेविका आजही औपचारिकदृष्ट्या ‘स्वयंसेविका’ असून त्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामनिहाय ठरतो. लसीकरणाची, प्रसूतीची नोंद होते. परंतु बाळ दगावलेल्या आईजवळ तासभर बसून तिला बोलते करण्याची नोंद होत नाही, आणि तो तास बाईच्या जातीला उपजतच जमतो असे समजून फुकट घेतला जातो.

मोजमापाचा गैरवापरही होऊ शकतो. ग्राहकाने दिलेल्या तारांकित गुणांवर सेवकाची कमाई अवलंबून ठेवली की भावनिक श्रमांची कदर होण्याऐवजी सक्ती वाढते, कारण तेथे मोजली जाते ती ग्राहकाची खुशी. ती देताना सेवकाला पडलेले कष्ट हिशेबाबाहेरच राहतात. म्हणून मोजमाप माणसाचे नको, कामाचे हवे, आणि त्याचे फलित वेतनात, पुरेशा विश्रांतीत, कठीण कामांच्या पाळीपाळीने होणाऱ्या वाटपात तसेच अपमान करणाऱ्या ग्राहकाला नकार देण्याच्या अधिकारात दिसायला हवे. रुग्णालये, महामंडळे आणि पंचायती यांनी पदांची कर्तव्ये लिहिताना भावनिक परिश्रमाचा रकाना समाविष्ट करावा, ही या अंकाची आग्रहाची मागणी आहे; आणि या सणातही कामावर असणाऱ्या सर्वांना, त्यांच्या श्रमांचे पूर्ण मोल मिळो, या सदिच्छेसह दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.