बसल्या जागी उड्डाण

गेल्या उन्हाळ्यात मी चार दिवस धाराशिवला धाकट्या बहिणीकडे राहिले. तिचे यजमान अडत बाजारात हमाली करतात, ती घरी शिलाई करते. थोरला मुलगा अकरावीला, आर्ट्सला. रविवारी रात्री जेवणे उरकल्यावर बहीण म्हणाली, "आक्का, आता बघ तुझ्या भाच्याचं. रातभर इमान उडवतंय. हे कॉम्प्युटर इकूनच टाकावं म्हणते मी."

कॉम्प्युटर जुना, कुणाचा तरी वापरलेला. मी भाच्याजवळ जाऊन बसले. पडद्यावर चार आसनांचे छोटे सेस्ना विमान उभे होते आणि समोर चक्क धाराशिवची धावपट्टी! शहराबाहेरची ही धावपट्टी आपण एसटीतून येता-जाता पाहतो. २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती आणि यवतमाळबरोबर तीही खासगी कंपनीला चालवायला दिली गेली. पण नियमित प्रवासी विमान काही तिथून सुटत नाही. त्या रात्री मात्र सहा विमाने सुटणार होती. मुले सोलापूरची, पुण्याची, नांदेडची. सगळी आपापल्या घरी बसलेली आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलणारी.

मला वाटले, आता शर्यत लागेल. तसे काही झाले नाही. जिथे टॉवर नसतो तिथे प्रत्येक वैमानिकाने आपण कुठे आहोत, काय करणार आहोत, हे रेडिओवर सर्वांना सांगायचे असते. तसे एकेकजण सांगत होता. पुढचे विमान वर जाऊन वळेपर्यंत मागच्याने थांबायचे. सोलापूरच्या मुलाचे इंटरनेट तुटले, तर पाचही जण इंजिन चालू ठेवून त्याची वाट बघत राहिले. भाच्याने वाऱ्याची दिशा चुकीची सांगितली, ती दुसऱ्याने लगेच सुधारली. कुणी हसले नाही. विमानाने वाऱ्याकडे तोंड करूनच उडायचे असते, म्हणजे कमी धावपट्टीत ते वर उचलते, हे मला त्यानेच सांगितले.

मग त्याने वही काढली. नांदेड सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटर. ताशी २०० चा वेग धरला तर ५१ मिनिटे. समोरून २० चा वारा असेल तर वेग उरतो १८०, म्हणजे ५७ मिनिटे. तेवढे इंधन, वर राखीव. हे सगळे त्याने तोंडी केले. मी विचारले, "अरे, मग तू आर्ट्सला कसा?" तो खाली बघून म्हणाला, "मावशी, मला गणित येत नाही ना."

बहिणीच्या हातातली सुई तिथेच थांबली.

भगिनींनो, या यंत्राची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत एड लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यात काम करी. विमान शिकणे त्याला महाग पडले. म्हणून १९२९ मध्ये त्याने ऑर्गनचेच भाते वापरून जमिनीवर हलणारे खोटे विमान बनवले. लोकांना ते जत्रेतले खेळणे वाटले. १९३४ मध्ये टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत एकामागून एक मेले, तेव्हा लष्कराने तीच सहा यंत्रे विकत घेतली.

तरीही मुलांना खोटी आशा दाखवू नये. घरच्या कॉम्प्युटरवरचा एक तासही परवान्यासाठी धरला जात नाही. व्यावसायिक वैमानिकाला खरे २०० तास उडावे लागते आणि त्याचा खर्च चाळीस लाखांच्या वर जातो. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या छोट्या विमानतळावर सरकारी उड्डाण अकादमी आहे, आपल्या गोंदियाजवळ बिरसीलाही प्रशिक्षण चालते. पण तिथल्या दारावर पहिला प्रश्न आजवर एकच राहिला आहे: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित होते का? विमान दुरुस्तीच्या इंजिनिअरलाही हेच विषय लागतात. टॉवरमधल्या नियंत्रकालाही पदवीपर्यंत हेच लागतात. म्हणजे एक विषय सोडला की तीन दारे बंद.

आर्ट्स वाईट असे मी म्हणत नाही. आवडीने घेतले तर त्यातही पुष्कळ आहे. पण माझ्या भाच्याने ते भीतीने घेतले. दहावीला गणितात कमी गुण पडले, कुणीतरी "तुला जमणार नाही" म्हटले, आणि घरात विचारणारे कोणी नव्हते. आईवडील कामावर, मावशी दूर. त्यात माझाही दोष आहे.

दार अगदीच बंद झालेले नाही. बारावी झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय वेगळे देता येतात. आम्ही तिघांनी बसून ठरवले: कॉम्प्युटर विकायचा नाही, उड्डाण फक्त रविवारी, आणि रोज सकाळी तासभर दहावीच्या गणितापासून सुरुवात. भावजींनी एवढेच विचारले, "पायलट नाही झाला तर?" भाचा म्हणाला, "पप्पा, गणित तर येईल."

तुमच्या घरातही एखादे लेकरू रात्री पडद्यासमोर बसत असेल. त्याला ओरडण्याआधी एकदा शेजारी बसून बघा, ते काय करते आहे. नुसता वेळ घालवत असेल तर जरूर उठवा. पण हिशेब करत असेल, तर तो हिशेब त्याच्या शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचवणे आपले काम आहे.