विश्लेषण : अतिवाहकतेचे गणित एका ओळीचे, मग ६० वर्षांनंतरही ते अर्धवट का?

जुलै २०२३ च्या अखेरीस राखाडी रंगाच्या एका खड्याचा व्हिडिओ जगभरातील मोबाइलवर फिरत होता. चुंबकावर ठेवलेला तो खडा एका कडेने अधांतरी उचललेला दिसत होता. ‘एलके-९९’ नावाचा हा पदार्थ १२७ अंश सेल्सियसपर्यंत अतिवाहक, म्हणजेच सुपरकंडक्टर राहतो, असा दावा दक्षिण कोरियातील संशोधकांनी केला होता. महिनाभरातच तो फोल ठरला. पण पदार्थाचे रासायनिक सूत्र जाहीर झाले होते, अणूंची मांडणी ठाऊक होती, महासंगणकही हाताशी होते. तरीही ‘हे शक्य आहे’ किंवा ‘शक्य नाही’ असे सिद्धांताच्या आधारे कुणालाच छातीठोकपणे का सांगता आले नाही? प्रत्येक वेळी भट्टी पेटवून, पदार्थ तयार करूनच का पाहावा लागतो?

अतिवाहकता म्हणजे काय?

तांब्याच्या तारेतून वीज वाहताना तिला रोध होतो आणि तार तापते. काही पदार्थ विशिष्ट तापमानाखाली गेले की हा रोध शून्य होतो. थोडाथोडका कमी नव्हे, शून्य. नेदरलँड्समधील लायडन येथे हाइके कामेर्लिंग ओन्स यांनी १९११ मध्ये पाऱ्यात हे प्रथम पाहिले. तापमान होते उणे २६९ अंश. अतिवाहक पदार्थ चुंबकीय क्षेत्रालाही आपल्या आतून बाहेर ढकलतो, म्हणून चुंबकावर तो तरंगतो. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे चुंबक याच तत्त्वावर चालते आणि त्याची तार थंड ठेवण्यासाठी महागडा द्रव हेलियम लागतो. साध्या तापमानाला चालणारा अतिवाहक मिळाला, तर हा खर्च आणि विजेच्या तारांमधील गळती दोन्ही टळतील. म्हणून तर असा प्रत्येक दावा व्हायरल होतो.

या कोड्याचे उत्तर १९५७ मध्ये जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी दिले. एकमेकांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन धातूतील अणूंच्या कंपनांच्या मध्यस्थीने जोड्या जमवतात आणि या जोड्या विनाअडथळा वाहतात, असे हा सिद्धांत सांगतो. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला बीसीएस म्हणतात. १९७२ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले.

या सिद्धांताची ताकद अलीकडेही दिसली. प्रचंड दाबाखाली गंधक आणि हायड्रोजनचे संयुग उणे ७० अंशांच्या आसपास अतिवाहक होते, हे २०१५ मध्ये प्रयोगातून समजले. त्याआधीच, २०१४ मध्ये, संगणकावरील गणिताने हे भाकीत केले होते. उलट, ल्युटेशियम, हायड्रोजन आणि नायट्रोजनचा पदार्थ २१ अंशांना अतिवाहक असल्याचा दावा मार्च २०२३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला, तेव्हा गणित करून पाहणाऱ्यांना त्याला आधार सापडला नाही. नोव्हेंबरमध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. म्हणजे एका प्रकारच्या पदार्थांबाबत सिद्धांत होकारही देऊ शकतो आणि नकारही.

मग हा सिद्धांत अडला कुठे?

अडला तो १९८६ मध्ये. आयबीएमच्या झुरिच प्रयोगशाळेत योहानेस गेओर्ग बेडनॉर्ट्झ आणि कार्ल अलेक्झांडर म्युलर यांना लँथनम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजनच्या संयुगात उणे २४० अंशांच्या आसपास अतिवाहकता आढळली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या तांब्याच्या ऑक्साइडने उणे १८० अंशांपर्यंत मजल मारली आणि हेलियमऐवजी कितीतरी स्वस्त द्रव नायट्रोजनवर काम भागू लागले. या गटाला क्युप्रेट म्हणतात. १९९३ मध्ये पारा असलेल्या क्युप्रेटने साध्या दाबावर उणे १४० अंशांच्या आसपासचा टप्पा गाठला आणि नंतर तीन दशके त्यात फारशी भर पडली नाही.

धक्का केवळ तापमानाचा नव्हता. अतिवाहक शोधण्यात हयात घालवलेले बर्न्ड माथियास यांच्या नावावर काही नियम सांगितले जातात: ऑक्सिजनपासून दूर राहा, चुंबकत्वापासून दूर राहा, विद्युतरोधकांपासून दूर राहा आणि सिद्धांतवाल्यांपासूनही दूर राहा. क्युप्रेटमध्ये यातील पहिल्या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. ज्या मूळ पदार्थापासून ते तयार होतात, तो लँथनम कॉपर ऑक्साइड वीज वाहू देत नाही आणि खोलीच्या तापमानालाही त्यात चुंबकीय मांडणी असते. त्यातील शंभरात पाच-सहा इलेक्ट्रॉन कमी केले, की तोच पदार्थ थंड केल्यावर अतिवाहक होतो.

हबार्ड मॉडेल काय आहे?

याचे उत्तर दडले असावे असे बहुतेकांना वाटते ते मॉडेल क्युप्रेटच्या शोधाहून जुने आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन हबार्ड यांनी ते १९६३ मध्ये मांडले. मार्टिन गुट्झविलर आणि जुन्जिरो कानामोरी हेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तिथे पोहोचले होते.

बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक घर म्हणजे एक अणू. एका घरात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात, तेही एकाचा स्पिन वर आणि दुसऱ्याचा खाली असेल तरच. (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगचे इवलेसे चुंबकत्व.) इलेक्ट्रॉन शेजारच्या घरात उडी मारू शकतो आणि अशी मोकळीक मिळाली की त्याची ऊर्जा कमी होते, या उडीचा आकडा ‘टी’. एकाच घरात दोघे आले तर ते एकमेकांना दूर लोटतात आणि ऊर्जेचा दंड बसतो, तो ‘यू’. मॉडेल इथेच संपते. कागदावर ते एका ओळीत मावते.

आता प्रत्येक घरात सरासरी एक इलेक्ट्रॉन ठेवा. जुन्या नियमाप्रमाणे पट अर्धाच भरलेला असल्याने वीज वाहायला हवी. पण दंड मोठा असेल तर कुणीच शेजारी जाऊ शकत नाही. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये दरवाजा उघडा असतो, प्रत्येकाला पुढे सरकायचे असते, तरीही कुणी हलत नाही, तसे हे. अडथळा गाडीचा नसतो, इतर प्रवाशांचा असतो. अशा पदार्थाला मॉट विद्युतरोधक म्हणतात. दादरला चार जण उतरले की आत सरकासरकी सुरू होते. क्युप्रेटमधून थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर नेमके हेच होते.

चुंबकत्वही याच दोन आकड्यांतून येते. शेजारच्या घरात क्षणभर डोकावून परत येणे इलेक्ट्रॉनला फायद्याचे असते. पण शेजाऱ्याचा स्पिन आपल्यासारखाच असेल तर तेवढेही करता येत नाही. म्हणून शेजारी-शेजारी उलट स्पिन राहणे स्वस्त पडते आणि पटावर वर-खाली-वर-खाली अशी मांडणी होते. यात चुंबकत्वासाठी वेगळे कोणतेही बल घातलेले नाही.

अतिवाहकताही यातूनच निघेल, असा तर्क फिलिप अँडरसन यांनी १९८७ मध्ये मांडला. त्याच वर्षी जी. बास्करन, झेड. झू आणि अँडरसन यांच्या शोधनिबंधाने त्याला गणिती रूप दिले. बास्करन हे चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसशी दीर्घकाळ निगडित राहिले. त्यांच्या चित्रात उलट स्पिनचे शेजारी फुगडी घालणाऱ्या जोड्यांसारखे असतात आणि या जोड्या सतत बदलत राहतात. जोड्या आधीच जुळलेल्या असतात, फक्त जागा नसल्याने त्या अडकून पडतात. इलेक्ट्रॉन काढून जागा केली की त्याच वाहू लागतात. चित्र देखणे आहे, पण ते खरे आहे की नाही हे ठरवण्यासाठी मॉडेल सोडवावे लागते.

ते सोडवणे इतके अवघड का?

घरे एका ओळीत असतील तर मॉडेलचे अचूक उत्तर इलियट लीब आणि एफ. वाय. वू यांनी १९६८ मध्येच काढले. पटासारख्या दोन मितींमध्ये मात्र आजही ते नाही. प्रत्येक घराच्या चार शक्यता असतात: रिकामे, वर स्पिनचा एक, खाली स्पिनचा एक, किंवा दोन्ही. ४ बाय ४ च्या पटाला ४ चा सोळावा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. एवढे संगणकाला झेपते. १० बाय १० च्या पटावर हा आकडा ६१ अंकी होतो, आणि संपूर्ण पृथ्वीतील अणूंची संख्या त्याहून कितीतरी कमी आहे. पुंजभौतिकीत यातील एकेक शक्यता तपासून भागत नाही, सर्व एकाच वेळी धराव्या लागतात.

शक्यतांचे नमुने घेऊन अंदाज बांधावा, म्हणजे निवडणुकीच्या एक्झिट पोलसारखे करावे, तर दुसरी अडचण येते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत काही नमुने अधिक चिन्हाचे आणि काही उणे चिन्हाचे येतात. ते एकमेकांना जवळपास पूर्ण खोडतात आणि उरतो तो गोंगाट. याला ‘साइन प्रॉब्लेम’ म्हणतात. त्याच्यावर सर्वत्र लागू पडणारी सोपी रीत सापडण्याची शक्यता अत्यंत कमी असल्याचे माथियास ट्रॉयर आणि उवे-येन्स विझे यांनी २००५ मध्ये दाखवून दिले.

तिसरी अडचण सर्वांत चिवट आहे. काढून घेतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा कधी रांगेत गोळा होऊन पट्टे तयार करतात आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये चुंबकीय मांडणी टिकून राहते. हे पट्टे आणि अतिवाहकता यांच्यात चुरस असते. प्रतिस्पर्धी अवस्थांच्या ऊर्जेतील फरक उडीच्या ऊर्जेच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे गणितात एक टक्क्याची चूक झाली तरी निकाल उलटू शकतो.

अलीकडे नेमके काय हाती लागले?

२०२० मध्ये अनेक देशांतील संशोधकांच्या गटाने दोन पूर्णपणे वेगळ्या संगणकीय पद्धती वापरून मॉडेलचे शुद्ध रूप तपासले. दोन्ही पद्धतींचा निकाल एकच आला: क्युप्रेटशी जुळणाऱ्या आकड्यांना पट्टे जिंकतात, अतिवाहकता टिकत नाही. तीन दशके ज्या मॉडेलवर भिस्त होती, त्याच्यासाठी हा मोठाच दणका होता.

मे २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये याच मंडळींचा पुढचा शोधनिबंध आला. त्यात स्टीव्हन व्हाइट, उलरिच शोलवॉक आणि शिवेई झांग यांचा समावेश होता. बदल एकच केला होता. आधी इलेक्ट्रॉनला हत्तीसारखी सरळ शेजारच्या घरात उडी मारता येत होती. आता त्याला उंटासारखी तिरक्या घरातही उडी मारण्याची मुभा दिली. खऱ्या क्युप्रेटमध्ये अशी उडी असतेच. एवढ्याने अतिवाहकता परतली, आणि पट्टे व अतिवाहकता सोबत नांदू शकतात असेही दिसले. याने कोडे सुटले असे म्हणणे घाईचे ठरेल. अमुक पदार्थ अमुक तापमानाला अतिवाहक होईल, हा आकडा या गणितातून मिळत नाही. पण मॉडेल योग्य दिशेने आहे यावर चार वर्षांपूर्वीपेक्षा आज अधिक विश्वास ठेवता येतो.

एलके-९९ च्या वेळी काय झाले?

शिसे, फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या खनिजात थोडे तांबे मिसळलेला हा पदार्थ. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या सिनेड ग्रिफिन यांनी काही दिवसांतच संगणकावर त्याची इलेक्ट्रॉन रचना काढली. त्यात इलेक्ट्रॉनांची उडी अत्यंत मंद असल्याचे दिसले. समाजमाध्यमांवर तो थेट अतिवाहकतेचा पुरावा ठरला, जरी शोधनिबंधात तसे म्हटले नव्हते. उडी मंद म्हणजे दंड वरचढ. अशा वेळी नेहमीची गणिती रीत डळमळते आणि हबार्ड मॉडेलच्या अंगाने विचार करावा लागतो. परस्पर प्रतिकर्षण नीट धरून नंतर केलेल्या गणितांनी, शुद्ध रूपात हा पदार्थ बहुधा विद्युतरोधकच असेल, असे सांगितले.

तोवर प्रयोगशाळांनी निकाल दिलाच होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पदार्थ तयार केला गेला, पण अतिवाहकता दिसली नाही. जर्मनीत स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने शुद्ध स्फटिक वाढवले. त्यांचा रोध लाखो ओम निघाला. रोध एकदम घसरण्याचे कारण होते भेसळ म्हणून राहिलेले कॉपर सल्फाइड. त्याची रचना १०४ अंशांना बदलते ही माहिती जुनीच होती. इलिनॉय विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांनी तिच्याकडे लक्ष वेधले.

भारताचे स्थान काय?

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) १९९४ मध्ये यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बनच्या संयुगात अतिवाहकता शोधली. या गटातील होल्मियम आणि अर्बियम असलेल्या पदार्थांत चुंबकत्व आणि अतिवाहकता एकत्र राहतात, म्हणून ते जगभर अभ्यासले गेले. याच संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये शुद्ध बिस्मथही अतिवाहक होत असल्याचे जाहीर केले, तेही निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या तापमानाला. बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. इतक्या तुटपुंज्या इलेक्ट्रॉनांत जोड्या कशा जमतात, हे नेहमीच्या बीसीएस मांडणीत बसत नाही.

पुढे काय?

एक मार्ग संगणकाला बगल देणारा आहे. हार्वर्डमध्ये मार्कुस ग्रायनर यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रकाशाच्या जाळीत लिथियमचे अतिथंड अणू ठेवून सुमारे ८० घरांचा खराखुरा हबार्ड पट बनवला आणि त्यावर वर-खाली चुंबकीय मांडणी उमटलेली पाहिली. इथे निसर्गच गणित सोडवतो. अतिवाहकता पाहण्यासाठी मात्र अणू याहून बरेच थंड करावे लागतात.

दुसरा मार्ग निकेलचा. चीनमधील सन यात-सेन विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये लँथनम आणि निकेलच्या ऑक्साइडमध्ये उणे १९३ अंशांच्या आसपास अतिवाहकता नोंदवली, पण त्यासाठी हवेच्या दाबाच्या सुमारे दीड लाख पट दाब लागला. त्यानंतर २०२४-२५ मध्ये स्टॅनफर्ड आणि चीनमधील गटांनी याच पदार्थाचे पातळ थर साध्या दाबावर अतिवाहक करून दाखवले. तापमान उणे २३० अंशांच्या आसपास. क्युप्रेटचे हे सख्खे भावंड की दूरचे नातलग, यावर वाद सुरू आहे. क्युप्रेटमध्ये प्रत्येक घरात इलेक्ट्रॉनसाठी एकच कक्षा धरून काम भागते. निकेलसाठी दोन धराव्या लागतील, असे अनेकांचे मत आहे. तसे झाल्यास प्रत्येक घराच्या शक्यता चारवरून सोळावर जातात.