पावसाचा अंदाज कसा ऐकावा?



दर वर्षी एप्रिलच्या मध्याला भारतीय हवामानशास्त्र विभाग येत्या पावसाळ्याचा पहिला अंदाज जाहीर करतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठा मथळा येतो. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ सालापर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत आणि बोलताना आजही आपण नुसते ‘नगर’ म्हणतो त्या जिल्ह्यात, हा मथळा वाचून पारावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणतो, “खात्याने पाऊस सांगितला ना? मग यंदा दुष्काळच!” दुसरा म्हणतो, “पेपरात आले आहे, बियाणे आणून ठेवा.” पहिला हसून अंदाज उडवून लावतो, तर दुसरा तो आश्वासन समजून उराशी धरतो. माझ्या मते दोघांनीही अंदाज नीट ऐकलेलाच नाही. तो कसा ऐकावा हे शाळेतच शिकवले पाहिजे, कारण नगरसारख्या जिल्ह्यात त्यावर घरोघरचा पैसा अवलंबून असतो.

प्रथम अंदाजातले मूळ शब्द पाहू. २०२५ च्या एप्रिलमध्ये हवामान विभागाने सांगितले की, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात सरासरीच्या १०५ टक्के पाऊस पडेल आणि या आकड्यात ५ टक्के कमीअधिक चूक होऊ शकेल. ही सरासरी आहे सुमारे ८७ सेंटिमीटर. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून ती काढलेली आहे. याच अंदाजात आणखी एक माहिती होती. पाऊस सरासरीहून अधिक पडण्याची शक्यता ५९ टक्के आहे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे तसा पाऊस न पडण्याची शक्यता ४१ टक्के उरतेच! पण मथळ्यात ‘५ टक्के चूक’ येत नाही आणि ‘५९ टक्के शक्यता’ही येत नाही. चावडीपर्यंत पोहोचते ते एकच वाक्य: यंदा पाऊस चांगला.

शिवाय हा आकडा साऱ्या देशाचा आहे. समजा, तुमचे गुरुजी म्हणाले, “यंदा आपल्या वर्गाची गणिताची सरासरी ६० गुणांची येईल.” एवढ्यावरून शेवटच्या बाकावरच्या बाळूला किती गुण मिळतील हे सांगता येईल काय? त्याला ३५ मिळाले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला ९५ मिळाले, तरी वर्गाची सरासरी ६० येऊ शकते. देशाच्या पावसाचेही तसेच आहे. केरळ, कोकण, राजस्थान आणि आसाम यांची मिळून काढलेली ती सरासरी आहे. पाथर्डी तालुक्यातील एखाद्या शिवाराबद्दल ती काहीच सांगत नाही.

आपला जिल्हा तर या बाबतीत मोठा विलक्षण आहे. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि आपले पाणी तेथेच सोडतात. म्हणून अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी या भागांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डोंगर उतरून पूर्वेकडे येताना तेच वारे तापतात आणि कोरडे होतात. त्यामुळे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव हे तालुके पर्जन्यछायेत सापडतात. तेथे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी भंडारदऱ्याला धबधबे कोसळत असतात आणि कर्जतला धूळ उडत असते. मग एका आकड्याने साऱ्या नगरकरांचे समाधान कसे व्हावे?

आणखी एक गोष्ट. पिकाला चार महिन्यांची बेरीज कळत नाही; त्याला वेळेवर पाणी लागते. २०२३ साली देशात पावसाळ्यात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस पडला. आकडा तसा फार वाईट नाही. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बाजरी ऐन दाणे भरण्याच्या वेळी तहानलेली राहिली, तर सप्टेंबरातला पाऊस बेरीज सुधारतो, कणीस सुधारत नाही. उलट, आपल्या पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या तालुक्यांत रब्बीची ज्वारी महत्त्वाची आहे आणि तिची भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर असते. जून कोरडा गेला तरी हस्ताने हात दिला म्हणजे घरात धान्य येते, हे तुमच्या आजोबांना पक्के ठाऊक असेल.

आता पाऊस लवकर येण्याविषयी. ‘मान्सून लवकर आला, वर्ष चांगले जाणार’ असे पुष्कळांना वाटते. हे खरे आहे काय? नोंदी पाहू. केरळात मोसमी पाऊस पोहोचण्याची नेहमीची तारीख १ जून. २००९ साली तो २३ मे रोजी पोहोचला आणि २०२५ साली २४ मे रोजी. दोन्ही वर्षी पाऊस आठवडाभर आधी आला आणि तारखांत फरक केवळ एका दिवसाचा. पण २००९ साली देशात सरासरीच्या सुमारे ७८ टक्केच पाऊस पडून मोठा दुष्काळ पडला, तर २०२५ साली १०८ टक्के पाऊस पडला. तेव्हा पाऊस केव्हा सुरू झाला यावरून तो किती पडेल हे ठरवता येत नाही.

२०२५ सालची हकीकत नगरकरांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या वर्षी मे महिन्यातच आपल्या जिल्ह्यात जोरदार पाऊस झाला आणि ओढे-नाले वाहू लागले. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईला पोहोचला. मुंबईच्या नोंदींत इतक्या लवकर तो पूर्वी कधीच आला नव्हता. रान भिजले, वाफसा आला, तिफण बाहेर काढण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण पेरणीची घाई करू नका, असे कृषी खात्याने बजावले होते. पुढे २९ मेच्या सुमारास मोसमी पावसाची आगेकूच जी थांबली, ती जूनच्या मध्यापर्यंत. अशा खंडात काय होते ते समजून घ्या. वरच्या चार बोटे ओलीवर बी उगवते, पण खालची जमीन तापलेलीच असते. मुळे खोल जाण्यापूर्वी वरची ओल सुकते आणि कोंब करपतो. मग दुबार पेरणी! म्हणजे बियाणे दुसऱ्यांदा, खत दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा आणि बहुधा कर्जही दुसऱ्यांदा. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज कोरडवाहू पेरणी करू नये, असा सल्ला शेतीतज्ज्ञ देतात.

मग अंदाज हवाच कशाला, असे तुम्ही विचाराल. तो हवा, आणि त्यामागे दीडशे वर्षांचे कष्ट आहेत. हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला आणि लगेच दख्खनमध्ये १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि पुढचा पाऊस यांचा संबंध शोधला. १८८६ साली पहिला अधिकृत दीर्घ मुदतीचा अंदाज निघाला. पुढे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी तपासल्या. पॅसिफिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत दाबाची एक झुलती तराजू आहे, असे त्यांना आढळले. पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा तापले म्हणजे त्याला ‘एल निनो’ म्हणतात आणि अशा वर्षी आपला पाऊस पुष्कळदा कमी पडतो. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, म्हणून एप्रिलमध्ये त्याच्याकडे पाहून पावसाळ्याचा ढोबळ कल सांगता येतो. पण अमुक गावावरचा ढग हा काही तासांचा पाहुणा. त्याचा अंदाज दोन-चार दिवस आधीच मिळू शकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली नवी प्रणाली सहा-सहा किलोमीटरांच्या चौकटींत हवामानाचे गणित करते. पूर्वी ही चौकट बारा किलोमीटरांची होती. एप्रिलचा अंदाज पाणी, चारा आणि धरणे यांचे नियोजन करणाऱ्यांसाठी आहे. पेरणीचा दिवस ठरवायला चार दिवसांचा अंदाज आणि आपल्या रानातली ओलच पाहिली पाहिजे.

अंदाज किती खरे ठरतात? हा प्रश्न हसण्यावारी न नेता मोजून सोडवावा. २००२ साली १०१ टक्के सांगितले आणि पडला ८१ टक्के. २००९ च्या एप्रिलमध्ये ९६ टक्के सांगितले आणि पडला सुमारे ७८. दोन्ही अंदाज साफ चुकले. आता अलीकडे पाहा. २०२३: सांगितले ९६, पडला ९४. २०२४: सांगितले १०६, पडला १०८. २०२५: सांगितले १०५, पडला १०८. तीनही वेळा आकडा सांगितलेल्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत राहिला. तीन वर्षांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण ‘खाते नेहमीच चुकते’ हे म्हणणे तरी या नोंदींपुढे टिकत नाही.

हीच फूटपट्टी इतरांनाही लावा. पंचांगातील नक्षत्रांची वाहने, यात्रेतील भाकणूक, बहाव्याचा बहर, टिटवीची अंडी, मोबाइलवर फिरणारे निरोप, या सर्वांतून आपल्याकडे पाऊस सांगितला जातो. यातील काही खुणांमागे पिढ्यांचे निरीक्षण असेल. मी त्यांची थट्टा करणार नाही. पण खरा ठरलेला अंदाज लोक वर्षानुवर्षे सांगत राहतात आणि फसलेला विसरतात. खात्याच्या बाबतीत मात्र नेमके उलटे होते. फसलेलाच तेवढा लक्षात राहतो. यावर उपाय एकच. सर्व अंदाज १ जूनला वहीत तारखेसह लिहून ठेवायचे आणि ३० सप्टेंबरला ताडून पाहायचे.

एक तक्रार हवामान विभाग आणि वृत्तपत्रे यांच्याकडेही केली पाहिजे. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बहुतेक ठिकाणी’ हे शब्द आपल्याला गुळमुळीत वाटतात. वास्तविक त्यांना नेमका अर्थ आहे. ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातील शंभर केंद्रांपैकी फार तर पंचवीस केंद्रांवर पाऊस, ‘काही’ म्हणजे सव्वीस ते पन्नास आणि ‘बहुतेक’ म्हणजे पंचाहत्तरांहून अधिक. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असे सांगितले आणि शेवगाव कोरडे राहिले, तर अंदाज चुकला असे होत नाही. पण हा अर्थ शेतकऱ्याला कोणी सांगितला आहे? बातमीत शंभरांपैकी किती, हे साध्या मराठीत छापावे. शेतकऱ्याला शक्यतेची भाषा कळणार नाही असे मानणे हा त्याचा अपमान आहे. शंभरांपैकी साठ शेंगा भरल्या म्हणजे काय, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते.

आता तुमचे काम. प्रत्येक शाळेत पर्जन्यमापक असावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विकतचा नसला तरी चालेल. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापा आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यावर बसवा. तळाच्या गोलाईच्या वर येईल इतके पाणी भरून तेथे शून्याची खूण करा आणि त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली झाडे आणि भिंती यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या दुपटीहून अधिक अंतरावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला नोंद करा. देशभर याच वेळी पाऊस मोजतात. मोजून झाले की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणा. आणि हे गणित फळ्यावर लिहा: एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. ७५ मिलिमीटर झाला म्हणजे तीन लाख लिटर!

हे पोरखेळ वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार आठवा. पर्जन्यछायेतल्या या गावाने पोपटराव पवार सरपंच असताना पाणलोटाची कामे केली. ते गाव दर वर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवते. पाऊस कमी झाला, तर जास्त पाणी पिणारी पिके घेत नाहीत. आभाळावर त्यांचा ताबा नाही, हिशेबावर आहे.

तेव्हा येत्या मृगात घरी कोणी विचारले, “पेरायचे का रे?”, तर वही उघडा आणि सांगा, “आपल्या शिवारात आजवर चाळीस मिलिमीटर झाला आहे. पुढचे चार दिवस पाऊस तुरळक ठिकाणी आहे. थोडे थांबू या.”