प्रोस्टेट कर्करोग : रेडिएशननंतर हार्मोनची इंजेक्शने किती काळ?

"पीएसए तर जवळजवळ शून्यावर आला, मग ही इंजेक्शने अजून कशाला?" रेडिएशन संपल्यावर रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय हा प्रश्न हमखास विचारतात.

प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर वाढतात. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन यांसारखी इंजेक्शने वृषणांतील त्याची निर्मिती थांबवतात. त्यामुळे पीएसए कमी होण्यात इंजेक्शनचाही वाटा असतो. केवळ त्या आकड्यावरून आजार पूर्ण गेला असे म्हणता येत नाही.

कालावधी कसा ठरतो?

मध्यम जोखमीच्या आजारात साधारण ४ ते ६ महिने उपचार पुरतो. पीएसए २० पेक्षा जास्त, ग्लीसन स्कोअर ८ ते १० किंवा गाठ ग्रंथीबाहेर पसरलेली असेल, तर आजार उच्च जोखमीचा मानतात. अशा वेळी दीर्घ उपचार लागतो.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात रेडिएशनसोबत ६ महिने आणि ३ वर्षे उपचारांची तुलना झाली. पाच वर्षांत ६ महिन्यांच्या गटात १९ टक्के, तर ३ वर्षांच्या गटात १५.२ टक्के रुग्ण दगावले. तेव्हापासून ३ वर्षे हा अनेक ठिकाणी प्रघात झाला.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासाने या प्रघातावर प्रश्न उभा केला. १८ आणि ३६ महिने उपचार घेतलेल्या दोन्ही गटांत दहा वर्षांनी सुमारे ६२ टक्के रुग्ण हयात होते आणि १८ महिन्यांच्या गटाचे जीवनमान चांगले होते. मात्र दोन्ही कालावधी अगदी समान आहेत, हे सिद्ध करण्यासाठी तो अभ्यास आखलेला नव्हता. दुसरीकडे, अतिउच्च जोखमीच्या रुग्णांत ३ वर्षांच्या इंजेक्शनसोबत २ वर्षे अबिराटेरॉन दिल्यास आयुष्य वाढते, असे २०२२ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासात दिसले. म्हणजे सर्वांना एकच माप लावता येत नाही.

दुष्परिणाम सहन करत बसू नका

अंगातून गरम वाफा येणे, थकवा, कामेच्छा कमी होणे, उदासपणा, वजन व साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे त्रास होऊ शकतात. हाडांची घनता (डेक्सा), साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. नियमित चालणे आणि स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. हृदयविकार असेल तर आधीच सांगा. शेवटच्या इंजेक्शननंतरही टेस्टोस्टेरॉन पूर्ववत व्हायला अनेक महिने लागतात. वयस्कर रुग्णांत ते कधीकधी पूर्ववत होतही नाही.

डॉक्टरांना काय विचाराल?

माझी जोखीम कोणत्या गटातली? माझ्यासाठी किती महिने ठरवले आहेत आणि का? त्रास वाढला तर १८ महिन्यांवर थांबता येईल का?

इंजेक्शनची तारीख चुकवू नका आणि मनाने उपचार बंद करू नका. थांबण्याचा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा मिळून असावा.