विश्लेषण : एकही सामना न हरता संघ स्पर्धेबाहेर कसा जातो? नवी मुंबईतील ‘त्या’ सामन्याचा धडा

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २३ जानेवारी २०२२ रोजी भारत आणि चायनीज तैपेई यांच्यात महिला आशिया चषक फुटबॉल स्पर्धेचा सामना होणार होता. तो झालाच नाही. भारतीय संघात करोनाची लागण इतकी पसरली होती की, खेळण्यायोग्य १३ खेळाडूही उरल्या नव्हत्या. त्यानंतर यजमान भारत स्पर्धेतून बाद झाला. त्याआधीच्या एकमेव सामन्यात तो हरला नव्हता. बाद फेरीत कोण जाणार हे मैदानावर ठरावे, ही क्रीडाप्रेमींची साधी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते अनेकदा कागदावर ठरते. ते कसे आणि त्यात बदलण्यासारखे काय आहे, हे पाहू.

नेमके काय घडले?

ही स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे झाली. पहिल्यांदाच आठऐवजी १२ संघ होते. भारताच्या गटात चीन, चायनीज तैपेई आणि इराण हे संघ होते. पहिल्या दिवशी नेरुळमध्ये भारताने इराणशी ०-० अशी बरोबरी केली. दुसरा सामना लागणीमुळे रद्द झाला. चीनविरुद्धचा तिसरा सामना २६ जानेवारीला होता, पण तोवर भारताचे नाव गटातून निघाले होते.

नियम काय सांगत होता?

आशियाई फुटबॉल महासंघाने (एएफसी) करोनाकाळासाठी विशेष नियम केले होते. एका गोलरक्षकासह किमान १३ खेळाडू उपलब्ध नसतील, तर त्या संघाने स्पर्धेतून माघार घेतली असे मानले जाईल, असा तो नियम. त्याला जोड होती स्पर्धेच्या मूळ नियमावलीची. माघार घेणाऱ्या संघाचे आधीचे सर्व सामनेही त्यात रद्दबातल ठरतात. म्हणजे न झालेल्या सामन्याची शिक्षा झालेल्या सामन्यालाही मिळाली.

याचा फटका एकट्या भारताला बसला नाही. इराणचा संघ पहिल्यांदाच या स्पर्धेत खेळत होता. यजमानांना त्यांच्याच मैदानावर रोखून त्या मुलींनी कमावलेला पहिलावहिला गुण गुणतक्त्यातून पुसला गेला. त्यांचा यात काय दोष होता?

बाद होण्याची किंमत किती होती?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ही स्पर्धा २०२३च्या महिला विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. तीन गटांतील पहिले दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकावरील तिघांपैकी सर्वोत्तम दोन संघ उपान्त्यपूर्व फेरीत जाणार होते. तिसऱ्या आलेल्या तीन संघांपैकी केवळ एकच बाद होणार, असा याचा अर्थ. आशियाला विश्वचषकासाठी पाच थेट जागा आणि आंतरखंडीय पात्रता फेरीच्या दोन जागा होत्या. सहयजमान ऑस्ट्रेलियाचे स्थान आधीच पक्के होते. त्यामुळे शेवटच्या आठ संघांत पोहोचणाऱ्या प्रत्येक संघाला विश्वचषकाची निदान एक तरी संधी मिळणार होती.

व्हिएतनामचे उदाहरण पाहा. जपान आणि दक्षिण कोरियाकडून ०-३ अशा पराभवांनंतर म्यानमारशी २-२ बरोबरी, एवढीच त्यांची गटातील कमाई. एकही विजय नसताना तिसऱ्या क्रमांकावरून ते पुढे गेले. मग निर्णायक लढतींत थायलंड आणि चायनीज तैपेई यांना हरवून इतिहासात प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरले. व्हिएतनामने हे यश रीतसर मिळवले, त्यात आक्षेपार्ह काही नाही. पण भारताच्या नावावरही इराणविरुद्धचा एक गुण होता. पुढचे दोन सामने अवघड होते आणि भारत पात्र ठरला असताच, असे कोणी म्हणू शकत नाही. मात्र वाट खुली होती, आणि ती प्रतिस्पर्ध्याने नव्हे तर एका कलमाने बंद केली.

गटात तीनच संघ उरल्याने तुलनेचे गणितही बदलले. इतर दोन गटांतील तिसऱ्या संघांचे चौथ्या संघांविरुद्धचे निकाल क्रमवारीसाठी वगळावे लागले. एका संघाच्या आजारपणाने इतर गटांतील निकालांचे वजनही बदलले.

दुसरा मार्ग होता का?

होता, आणि तो आधीच वापरात होता. २०२१ मध्ये झालेल्या पुरुषांच्या युरो स्पर्धेसाठी युरोपीय महासंघानेही किमान १३ खेळाडूंचीच अट ठेवली होती. पण ती पूर्ण झाली नाही तर सामना ४८ तासांच्या आत पुन्हा ठरवण्याची तरतूद होती. तेही न जमल्यास तो एक सामना ०-३ असा गमावल्याचे धरले जाणार होते. म्हणजे एका दिवसाच्या अडचणीची किंमत एक सामना, अख्खी स्पर्धा नव्हे.

एएफसीच्या बाजूनेही काही मुद्दे आहेत. नियम आधी लिहिलेला होता आणि तो सर्व संघांना सारखाच लागू होता. वेळापत्रक घट्ट होते. ४८ तासांत आजारी खेळाडू बऱ्या झाल्या असत्याच असे नाही, आणि इतर संघांच्या आरोग्याचाही प्रश्न होता. हे सारे खरे आहे. पण सामना न होणे आणि संघाचे अस्तित्वच पुसणे यांत फरक आहे. भारताला तैपेईविरुद्ध, वेळ पडल्यास चीनविरुद्धही, पराभूत धरले असते तरी इराण सामन्याचा निकाल टिकला असता आणि गटाची क्रमवारी शाबूत राहिली असती. शिवाय, खेळाडू आयोजकांनी आखलेल्या जैवसुरक्षित कवचात राहत होत्या. प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांनी त्या व्यवस्थेवर उघड टीका केली होती. कवच सांभाळण्याची जबाबदारी एकाची आणि ते फुटल्याची शिक्षा दुसऱ्याला, ही वाटणी न्याय्य कशी म्हणावी?

हा प्रकार फक्त इथलाच आहे का?

नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या बाद फेरीसाठी १३ सदस्यांची समिती संघ निवडते. डिसेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ १३ पैकी १३ सामने जिंकूनही पहिल्या चारांत घेतला गेला नाही. त्यांचा प्रमुख क्वार्टरबॅक जखमी झाल्याने संघाची ताकद घटली, असे समितीचे मत पडले. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा न झालेल्या सामन्यांचा अंदाज मोठा ठरला.

आपल्याकडे आशियाई क्रीडा स्पर्धांबाबत असेच घडते. सांघिक खेळात आशियातील पहिल्या आठांत असलेल्या संघालाच पाठवायचे, या निकषामुळे २०१८ मध्ये जकार्ताला भारताचा फुटबॉल संघ गेलाच नाही. २०२३ मध्ये हांगझोऊसाठी तोच निकष आडवा आला. पुरुष संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी पंतप्रधानांना जाहीर साद घातली आणि जुलैअखेर क्रीडा मंत्रालयाने नियम शिथिल केला. पुढे पुरुष संघ उपउपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. निर्णय योग्यच होता. पण प्रवेश निकषावर मिळतो की विनंतीवर, हा प्रश्न त्यातून उरलाच.

नियम बदलतात का?

बदलतात, पण बहुधा कुणावर तरी अन्याय झाल्यावर. १९८२च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दोघांनाही सोयीचा १-० हा निकाल लागल्यावर उरलेला वेळ चेंडू इकडेतिकडे ढकलत काढला. आदल्या दिवशीच आपले सामने संपवलेला अल्जीरिया त्यामुळे बाद झाला. तेव्हापासून गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जातात. २०१८ मध्ये जपान आणि सेनेगल गुण, गोल आणि आपसातील लढत या सगळ्यांत बरोबरीत होते. कमी पिवळ्या कार्डांच्या जोरावर जपान पुढे गेला. तो निकाल अनेकांना रुचला नाही. तरी ती कार्डे निदान मैदानावर मिळालेली होती. हाच फरक महत्त्वाचा आहे.

मग काय व्हायला हवे?

तीन गोष्टी तरी हव्यात. पहिली, आजार, प्रवासातील अडथळा किंवा नैसर्गिक आपत्ती यांमुळे सामना होऊ शकला नाही तर शिक्षा त्या सामन्यापुरतीच असावी, खेळून मिळवलेले गुण कायम राहावेत. दुसरी, प्रत्येक गटासाठी एखादा राखीव दिवस आणि बदली खेळाडू बोलावण्याची मुभा वेळापत्रकातच असावी. तिसरी, निवडीचे निकष स्पर्धेच्या पुरेशा आधी जाहीर व्हावेत आणि अपवाद करायचा तर त्याची कारणे लेखी द्यावीत. यातली एकही मागणी खर्चिक नाही आणि तिन्ही सर्व देशांच्या हिताच्या आहेत. ती लावून धरण्याचा नैतिक अधिकार भारतीय फुटबॉल महासंघाइतका दुसऱ्या कुणाला नाही.

भारतीय महिला संघाने आपले उत्तर मैदानावर दिले आहे. ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माईत थायलंडला २-१ असे हरवून त्यांनी २०२६च्या आशिया चषकात स्थान मिळवले. यजमान म्हणून नव्हे, पात्रता फेरी जिंकून आशिया चषक गाठण्याची ही भारताची पहिलीच वेळ होती. खेळाडूंनी आपले काम केले. आता नियम लिहिणाऱ्यांनी आपले करावे. खेळात हरण्याचा हक्कही खेळाडूचाच असतो, तो कलमाने हिरावून घेऊ नये.